सहावे हाड

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. शिवणाची होते, आता नाही. अंगावर गंजाचे तीन ठिपके आहेत, टोक किंचित वाकले आहे आणि माझे नेढे, म्हणजे दोरा ओवायचे भोक, एका लाकडी मुठीत कायमचे गाडले गेले आहे. सध्या माझा मुक्काम एका संग्रहालयाच्या खणात, कापसावर. शेजारी दोन दगडी पाट्या आहेत आणि त्या पाट्यांत एक मासा आहे. त्याला नाव नाही. एकेकाळी होते, तेही चांगले छापून आलेले. ते कसे मिळाले आणि कसे गेले, ते आज सांगते. टोचून बोलणे हा आमचा जातिस्वभाव, तेव्हा कुठे टोचले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोलादाची तार तोडली, टोक काढले, भोक पाडले, लाल होईपर्यंत तापवून तेलात बुडवले आणि मी झाले. आम्हा पंचवीस बहिणींना काळ्या कागदात रांगेने खोचून ठेवले होते. आपणच सगळ्यांत सरळ, असे प्रत्येकीला वाटे. मलाही वाटे. आमची पुडी एका शिंप्याच्या दुकानात आली आणि तिथे बहिणींची ताटातूट झाली. कोणी फरशीच्या फटीत हरवली, कोणी जाड कापडात मोडली. मी टिकले, कारण त्या शिंप्याचा हात हलका होता.

त्यांचे दुकान म्हणजे एकच खोली. रस्त्याकडे काचेची खिडकी, खिडकीशी शिवणयंत्र, मधोमध कापड बेतायचे मोठे टेबल आणि मागच्या पडद्याआड बापलेकीचे घर. लेक लहान असतानाच तिची आई गेली होती. मुलगी इतकी किडकिडीत होती की बाप तिला टाचणी म्हणे. म्हणजे आम्ही दोघी एकाच डबीतल्या. काज करायला, तुरपाई करायला, अस्तर लावायला शिंपीबाबा मला हातात घेत. पण त्यांचा खरा लौकिक वेगळाच होता. दुसऱ्यांनी बिघडवलेले कपडे लोक त्यांच्याकडे आणत आणि ते माझ्या टोकाने एकेक टाका उचलून, कापडाला ओरखडाही न पाडता, सगळी शिवण उसवून देत.

"अगं टाचणे, शिवायला काय, कुणीही शिकतं," ते लेकीला म्हणत. "उसवायला शीक. चुकलेली शिवण उसवायची कधी लाज वाटून घ्यायची नाही. चुकीवरून इस्त्री फिरवायची, त्याची लाज वाटली पाहिजे."

मुलगी टेबलाखाली चिंध्यांशी खेळत हो हो म्हणे. मुले हो म्हणतात त्यातले किती पोटात उतरले, हे फार पुढे कळते.

मुलगी मोठी झाली, खूप शिकली, आणि शिकून काय झाली, तर दगडातले मासे साफ करणारी. शिंपीबाबांना आधी काही उमगेना.

"मासे साफ करायला एवढं शिकावं लागतं होय?"

"बाबा, हे मासे कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेत."

"मग वास तरी नसेल," ते म्हणाले, आणि दोघे पोट धरून हसले.

नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला डबीतून काढले. मोडक्या लाकडी फूटपट्टीचा तुकडा तासून मूठ केली, माझी नेढ्याकडची बाजू तीत ठोकली आणि वर मेण लावलेला दोरा घट्ट गुंडाळला. "साहेबांनी कसलीही हत्यारं देऊ देत, ही जवळ असू दे," ते लेकीला म्हणाले. "हिला उसवायची सवय आहे." त्या दिवशी शिवणकाम माझ्या आयुष्यातून सुटले. वाईट वाटले नाही असे नाही.

संग्रहालयाच्या तळमजल्यावर, उत्तरेकडच्या खिडकीशी आमचे टेबल होते. टेबलावर सूक्ष्मदर्शक, स्पिरिटची बाटली, मऊ कुंचला आणि धूळ उडवायला रबरी फुगा. भिंतींना छतापर्यंत खणांची कपाटे. खोलीचे प्रमुख होते मोठे सर. तिथे टाचणीला कोणी टाचणी म्हणत नसे, सगळे बाई म्हणत. म्हणून मीही आता बाईच म्हणते.

दगड येत ते एका खाणीतून. फार फार पूर्वी, माणसाचा पत्ताही नव्हता तेव्हा, तिथे गोड्या पाण्याचे तळे होते. तळाशी गाळ साचत गेला, थरावर थर बसले आणि वहीच्या पानांसारख्या दगडी पाट्या झाल्या. त्या पाट्यांत बोटाएवढे मासे. त्यांच्या कुळाचे नाव गोबी. नाव ऐकून भाजी डोळ्यांपुढे आली तर लाजू नका, माझेही तसेच झाले होते. हे मासे तळाशी राहणारे, पोटाखालच्या परांनी दगडाला धरून बसणारे. जन्मभर दगडाला चिकटून राहिले आणि शेवटी दगडातच राहिले.

पाटी छिन्नीने फोडली की मासा दोन भागांत उघडतो. काही हाडे या पाटीवर, काही समोरच्या पाटीवर, आणि एकीवर हाड असेल तिथे दुसरीवर त्याचा ठसा. समोरच्या पाटीला आम्ही जोडपाटी म्हणतो. खरे तर दोन्ही पाट्या जपायला हव्यात, पण त्या काळी आमच्या खोलीत खण कमी होते. मासा ठसठशीत दिसेल ती पाटी ठेवायची आणि फिकी जोडपाटी मागच्या अंगणात ढिगावर टाकायची, अशी रीत पडून गेली होती. ढिगावरच्या पाट्यांना क्रमांकही नसे. पहिल्याच वर्षी बाईंनी त्या ढिगातून एक पाटी उचलली आणि बाबांना नेऊन दिली. तिच्यावर मासा पुसट होता, पण होता.

शिंपीबाबांना आभाळ ठेंगणे झाले. बेतताना कापड हलू नये म्हणून त्यावर वजन ठेवतात. त्या दिवसापासून त्यांची जुनी लोखंडी वजने बाजूला पडली आणि ती पाटी टेबलावर आली. गिऱ्हाईक आले की माप घेण्याआधी मासा दाखवला जाई. "माझ्या लेकीनं आणलाय. इकडून बघा, डोकं ह्या बाजूला आहे." मग खडूने रेघा मारताना त्यांचा डावा हात पाटीवर असे आणि अंगठा बरोबर माशाच्या डोक्यावर. मी हे स्वतः पाहिले आहे, कारण दर रविवारी बाई मला बाबांकडे नेत. माझे टोक परजून द्यायचे काम शिंपीबाबांनी दुसऱ्या कोणाला कधी करू दिले नाही.

अशाच एका रविवारी त्यांनी विचारले, "पण कुळ कसं गं ओळखता? मासा तर काही बोलत नाही."

"तुम्ही जुना कोट बघून कुणी शिवलाय ते सांगता ना, तसंच. टाके बघायचे," बाई म्हणाल्या. "आधी पाठीचे मणके मोजायचे. पाठीवर दोन पर असतात, त्यातल्या पुढच्या पराचे काटे मोजायचे. मग खवले. खवल्याच्या मागच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दात असतात."

"मग खवल्यावरून कळतं?"

"कुळ कळतं, घर कळत नाही. आमच्या तळ्यातले मासे दोन घरांतले असू शकतात, चुलत भावांसारखे. दोघांचे खवले सारखेच. फरक गळ्यापाशी. कल्ल्यांच्या झाकणाखाली बारीक, वाकडी हाडं असतात. एका घरात पाच, दुसऱ्या घरात सहा. आणि ते सहावं सगळ्यांत पुढे, केसाएवढं."

"म्हणजे बटणं मोजायची."

"हो, पण बटण केसाएवढं."

"मग घाई नको करूस." त्यांनी माझे टोक दगडावर आणखी एकदा फिरवले, उजेडात धरून पाहिले आणि मला परत दिले.

पुढची नऊ वर्षे माझी सोन्याची गेली. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. माझे घाव सोसून त्या दगडांना मासेपण आले, असे म्हटले तर गर्व समजू नका. दगड माझ्यापुढे भुरभुर सुटतो. हाड तसे सुटत नाही, ते मला थोपवते. हा फरक मुठीतून बाईंच्या बोटांना कळे. बाईंचे नियम कडक होते. आधी चित्र, मग सुई. दगडात जे दिसते ते कागदावर उतरवल्याशिवाय माझे टोक टेकायचे नाही. जे ओळखू येत नाही ते काढायचे नाही. शिवाय प्रत्येक माशाची हाडे तीन वेगवेगळ्या दिवशी मोजायची, तीही आधीचा आकडा न बघता. एका माशाला आठ-नऊ महिने सहज लागत. कधी दिवसभरात तांदळाच्या दाण्याएवढीच जागा मोकळी होई, पण त्या दिवशी बाई गुणगुणत घरी जात.

असे अकरा मासे झाले. अकराही माशांच्या गळ्यापाशी पाच हाडे. हे पाच हाडांचे घर आहे आणि मासाही आजवर कुणी न पाहिलेला आहे, अशी मोठ्या सरांची खात्री पटली. राहिला बारावा. तो पहिल्याच वर्षी खाणीतून आला होता, पण डोक्यापासून शेपटीपर्यंत इतका पूर्ण होता की हात चांगला बसल्याशिवाय त्याला शिवायचे नाही, असे बाईंनी ठरवले होते. बाकीच्या अकरांत कोणाला शेपूट नव्हती, कोणाचे डोके अर्धे होते.

नव्या माशाला नाव देण्याची एक पद्धत असते. नाव साऱ्या घोळक्याला देत नाहीत. सगळ्यांत चांगला एक नमुना निवडतात आणि नाव त्याच्या गळ्यात बांधतात. बाकीचे त्याच्यासारखे असतील तर त्यांनाही ते लागते. हा मान आमच्या बाराव्या माशाला मिळायचा होता, आणि आता त्याचा गळा तेवढा मोकळा करायचा राहिला होता.

त्याच सुमारास शिंपीबाबांना छातीच्या दुखण्याने धरले. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितले की एक महिना, फार तर दोन. दुसऱ्या दिवशी बाई टेबलाशी नुसत्याच बसून राहिल्या, तेव्हा मोठ्या सरांनी चौकशी केली. ऐकून त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"बाई, माशाला तुमच्या वडिलांचं नाव देऊ," ते म्हणाले. "हे मासे ज्यांच्या सुईनं मोकळे झाले, त्यांचंच नाव शोभेल. लवकर लिहून दिलंत तर संशोधन पत्रिकेच्या पुढच्या अंकात छापून आणायचं माझ्याकडे लागलं."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. खरे सांगते, मीही फुगले. ज्यांच्या सुईने म्हणजे माझ्याच की.

तीन आठवडे आम्ही बाराव्या माशाच्या गळ्याशी होतो. मागून पुढे जात पहिले हाड लागले, मग दुसरे, तिसरे, चौथे, पाचवे. सगळी जागच्या जागी. बाईंचा जीव भांड्यात पडला. पाचव्याच्या पुढे थोडा गाळ उरला होता. तो साफ करावा म्हणून त्यांनी मला तिरके धरले, आणि गाळाखालून एक तपकिरी रेघ वर आली. केसाएवढी.

बाईंनी हात उचलला. स्पिरिटचा एक थेंब सोडला. ओल्या दगडात हाड चमकते, आणि ती रेघ चमकली. त्यांनी सरांना हाक मारली.

सर सूक्ष्मदर्शकावर वाकले. "मुळाचा तंतू दिसतोय. गाळात असतात असले धागे."

"वाकलेलं आहे, सर. बाकीच्या पाचांसारखंच."

"अकरा माशांत पाच, मग ह्यात सहा कुठून येणार?"

"हा दुसऱ्या घरातला असेल. जोडपाटी असती तर तिच्यावर ठसा बघता आला असता."

"ती गेली ढिगावर, दहा वर्षांपूर्वी. ढीगही उचलून नेला." सरांनी चष्मा काढून पुसला. "थांबायचं असेल तर थांबू. दुसरा पूर्ण मासा मिळेपर्यंत वाट बघू, वर्ष जाईल. माझं काय, मी निवृत्त होऊन घरी बसेन. पण तुमच्या वडिलांकडे वर्ष आहे का?"

सर वाईट नव्हते. कळवळून विचारत होते. त्यांना एका मरणाऱ्या माणसाला सुखी करायचे होते आणि त्यासाठी तो धागा तंतू असायला हवा होता. ते आपल्या खोलीत निघून गेले. बाईंच्या समोरचा कागद कोरा होता. आधी चित्र, मग सुई. पण त्या दिवशी बाईंनी पेन्सिल उचलली नाही, मला उचलले.

मित्रांनो, पहिल्या ओरखड्याला त्या धाग्याने मला थोपवले. दगड थोपवत नाही, हे मघाशी सांगितलेच. मला कळले, आणि मुठीतून बाईंच्या बोटांनाही कळले, कारण ती क्षणभर थांबली. दुसऱ्या ओरखड्याला ते हाड मोडले. तिसऱ्याला त्याची पूड झाली. माझे टोक वाकले ते तेव्हाच. बाईंनी रबरी फुगा दाबला, तपकिरी पूड टेबलावर उडाली, आणि मग त्यांनी पेन्सिल घेऊन चित्र काढले. पाच हाडे. मोजलीही एकदाच. जे कोट्यवधी वर्षे टिकले होते ते आमच्या हातून चहाला लागतो तेवढ्या वेळात गेले. मी मूग गिळून गप्प राहिले. सुईला दुसरे काय करता येते?

अंक वेळेत आला. बाईंनी तो बाबांच्या अंथरुणाशी नेला. मी त्यांच्या पिशवीत होते. छापलेल्या ओळींत एका शब्दावर त्यांनी बोट ठेवले आणि बाबांचे बोट धरून तिथे टेकवले.

"हा मी?"

"हो, हे तुम्ही."

"एवढ्या जुन्या माशाला माझं नाव. त्याला विचारलंत तरी का?" ते हसले आणि हसता हसता खोकले. ढास शमल्यावर त्यांनी लेकीकडे पाहिले. "सगळं नीट मोजलंस ना गं, टाचणे?"

"हो, बाबा."

त्यांनी समाधानाने डोळे मिटले. ते पान चौकटीत बसवून बेतायच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावा, असे त्यांनी शेजाऱ्यांना सांगितले. दहा दिवसांनी ते गेले.

पुढे कौतुकाचे दिवस आले. मोठे सर निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची बाईंना मिळाली. खुर्चीवर बसताच त्यांनी पहिला हुकूम काढला की यापुढे एकही जोडपाटी टाकायची नाही. सगळ्यांना वाटले, बाई शिस्तीच्या आहेत. लांबलांबचे अभ्यासक बारावा मासा बघायला येत. बाई खण उघडून देत आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहत. कोणाला त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

माझी मात्र रवानगी डबीत झाली, आणि डबीची टेबलाच्या सगळ्यांत खालच्या खणात. हवेच्या जोरावर चालणारे नवे हत्यार आले होते, ते दिवसभर वर कुरकुरत असे. गंजाचे ठिपके माझ्या अंगावर पडले ते त्या खणात. मला फार राग आला होता. नऊ वर्षे राबले आणि हे फळ! मग हळूहळू लक्षात आले की बाई मला टाळत नव्हत्या. माझे वाकडे टोक बघणे टाळत होत्या.

अशी पाच वर्षे गेली. शिंपीबाबांचे दुकान तेवढा काळ कुलपात होते. बाईंनी ते उघडलेच नव्हते. शेवटी ते रिकामे करायचे ठरले.

एका दुपारी माझी डबी उघडली. बाईंचे केस पांढरे झाले होते. टेबलावर बारावा मासा होता आणि त्याच्या शेजारी शिंपीबाबांची पाटी. दुकानातल्या कापडाच्या गठ्ठ्याखाली ती निघाली होती, आणि पुसताना बाईंना तिच्या कोपऱ्यातली खाच ओळखीची वाटली होती. त्यांनी दोन्ही पाट्या जवळ आणल्या. खाचेला खाच जुळली. मणक्याला मणका मिळाला. जी जोडपाटी ढिगावर गेली म्हणून आम्ही हात टेकले होते, ती इतकी वर्षे बाबांच्या टेबलावर कापड दाबत होती, आणि दर रविवारी माझ्यापासून वीतभर अंतरावर होती.

ठसा सापडला तर सहाव्या हाडाचा पुरावा मिळणार होता. चूक सांगता आली असती आणि माशाला त्याचे घरही परत मिळाले असते. बाईंनी शेपटीपासून स्पिरिट लावायला सुरुवात केली. शेपटीजवळचे खवले लखलखीत होते, कडेचे दात एकेक करून मोजावेत असे. मणके पूर्ण. पाठीवरच्या पहिल्या पराचे सहाही काटे जागेवर. मग त्या डोक्याशी आल्या.

डोक्याशी काही नव्हते. दगड गुळगुळीत होता, किंचित खोलगट, त्याला हस्तिदंतासारखी चमक आलेली. मला आधी समजेना. ऊनवाऱ्याने झिजले म्हणावे तर शेपूट कशी शाबूत राहिली? बाई त्या खळग्याकडे कितीतरी वेळ बघत होत्या. मग त्यांनी आपला डावा अंगठा त्यात ठेवला. तो थोडा लहान पडला.

बाप रोज लेकीचा मासा कुरवाळत होता. त्याच्या डोक्यावर, गळ्यावर अंगठा फिरवत होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने दाखवत होता. हाडावर माझे टोक फिरले आणि ठशावर त्यांची माया. बाई रुमाल तोंडात धरून रडल्या. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा मी त्यांना असे रडताना पाहिले नव्हते.

आता हाड नव्हते आणि ठसाही नव्हता. बाई गप्प बसल्या असत्या तर जगात कोणालाही, कधीही, काहीही कळले नसते. चार दिवस त्यांनी काही केले नाही. पाचव्या दिवशी दोन्ही पाट्या आणि मला पिशवीत घालून त्या मोठ्या सरांच्या घरी गेल्या. सर आता काठी घेऊन चालत. त्यांनी सगळे ऐकून घेतले, खळग्यावरून बोट फिरवले.

"कुणाला कळणार आहे आता?" ते म्हणाले. "राहू द्या ना, बाई. वडिलांचं नाव आहे ते."

"म्हणूनच, सर."

"त्यांना आवडलं असतं का, नाव पुसलेलं?"

"ते उसवायचे, सर. इस्त्री नाही फिरवायचे."

बाई उठल्या, दाराशी गेल्या, तेव्हा सरांनी मागून हाक मारली. "माझंही नाव घाला त्यात. तंतू मी म्हणालो होतो."

त्याच पत्रिकेकडे पाठवलेला कबुलीचा मजकूर दीड पानाचा होता. त्यात बाईंनी स्वतःला कुठेही पाठीशी घातले नाही. छापून आल्यावर कोणी म्हणाले, केवढा हा धीर. कोणी म्हणाले, एवढी वर्षे कुठे गेला होता हा धीर. दोघांचेही खरे होते. ज्या माशाच्या गळ्यात नाव बांधले त्याचाच गळा आम्ही खरवडला होता, त्यामुळे तो कोणत्या घरातला हे आता कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. आणि ज्याचे घर ठाऊक नाही त्याचे नाव दुसऱ्या माशांना लावता येत नाही. शिंपीबाबांचे नाव संशयास्पद नावांच्या यादीत गेले. बाकीच्या अकरा माशांना त्या तळ्यावरून नवे नाव मिळाले. दुकानातून घरी आणलेली ती चौकट बाईंनी स्वतःच्या हाताने भिंतीवरून उतरवली.

मित्रांनो, मी सुई. उपदेश करण्याएवढी माझी उंची नाही. तरी एक मागणे आहे. दगड असो, कापड असो की घरातली एखादी जुनी पेटी, तिला हात लावण्याआधी नीट बघा आणि जे दिसते ते आधी लिहून ठेवा. आपल्याला नको असलेले काही मध्ये आले म्हणून त्याला गाळ म्हणू नका. आणि चूक झालीच तर लवकर उसवा, उशीर झाला की कापडही विरते. मला कोणी तेल लावा, माझे टोक सरळ करा, असे मात्र मी म्हणणार नाही. ते वाकडेच राहू द्या. त्या हाडाची तेवढीच काय ती खूण उरली आहे.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी मला या खणात ठेवले. आधी दोन्ही पाट्या एकमेकींवर मिटल्या. खाणीत फुटल्यापासून प्रथमच त्या बंद झाल्या. सगळीकडे घट्ट बसल्या, फक्त गळ्यापाशी एक बारीक फट राहिली. मग त्यांनी त्या पुन्हा उघडून शेजारी शेजारी ठेवल्या आणि चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीत तीनच ओळी आहेत. गळ्यापाशी सहावे हाड होते. मी ते खरवडले. ठशाची जागा माझ्या वडिलांच्या अंगठ्याने झिजली आहे. खाली सही आणि तारीख.

खण लोटता लोटता त्या थांबल्या. खोलीत दुसरे कोणी नव्हते. अंथरुणावरून बाबांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी तेव्हा दिले, अगदी हळू, पण मला ऐकू आले.

"नाही बाबा, नीट नाही मोजलं. सहा होती."